शिक्क्यापुरती संस्था

फ्रान्समधल्या खेड्यात पावाच्या दुकानात किंवा कॅफेत गल्ल्याशेजारी बहुधा एक रबरी शिक्का पडलेला असतो. दुकानाचं नाव, गावाचं नाव, पिनकोड. बिलांवर मारायला ठेवलेला. एखादा सायकलवाला घामाघूम होऊन आत येतो, पाठीवरच्या खिशातून दमट झालेलं पुठ्ठ्याचं कार्ड काढून पुढे करतो. दुकानदारीण फारशी चौकशी न करता ठप्पा मारते, शेजारी वेळ लिहून देते. तो दोन क्रोसाँ घेतो, एक तिथेच उभ्याउभ्या संपवतो, दुसरा खिशात कोंबतो आणि वाटेला लागतो.

एवढ्याशा देवघेवीवर एक संस्था एकशे वीस वर्षं चालली आहे. ऑडॅक्स क्लब पारिझियें तिचं नाव. ती शर्यती भरवत नाही, पहिला-दुसरा क्रमांक काढत नाही. तिच्याकडे आहेत त्या गावांच्या याद्या, कोरी कार्डं आणि भरून परत आलेली कार्डं तपासायची चिकाटी.

सुरुवात मात्र इटलीत झाली. १८९७ च्या जूनमध्ये काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले. सुमारे २३० किलोमीटर, तेही एका दिवसाच्या उजेडात. त्या काळच्या जड सायकली आणि धुळीचे रस्ते लक्षात घेता हे धाडसच होतं, म्हणून लॅटिनमधला धाडसी या अर्थाचा ‘ऑडॅक्स’ हा शब्द त्यांना चिकटला. फ्रान्समध्ये ही कल्पना आणली आंरी देग्रांज यांनी. ‘लोतो’ या क्रीडादैनिकाचे हे संपादक. आदल्याच वर्षी, १९०३ मध्ये, त्यांनी तूर द फ्रान्स सुरू केली होती. १९०४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसहून सेन नदीच्या खोऱ्यातल्या गायाँ गावापर्यंत जाऊन परत, असा २०० किलोमीटरचा पहिला ब्रेवे झाला. ब्रेवे म्हणजे ठरलेलं अंतर पुरं करणाऱ्याला मान्यता देणारी सफर. तो पुरा करणाऱ्या मंडळींनी त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला आपला क्लब काढला.

ऑडॅक्सची रीत पलटणीसारखी होती. सगळ्यांनी घोळक्याने जायचं, पुढे कप्तान, वेग त्याने ठरवलेला. कुणी पुढे सटकायचं नाही, कुणाला मागे टाकायचं नाही. या रीतीत एक सौजन्य आहे, ते मी नाकारत नाही. पण कप्तानाच्या मागे जाणाऱ्याला पुढच्याच्या चाकाखेरीज फार काही दिसत नसणार, असंही मला वाटतं.

१९२१ मध्ये देग्रांज आणि क्लब यांचं फाटलं. ऑडॅक्स ब्रेवे भरवण्याची परवानगी देग्रांज यांनी काढून घेतली आणि नव्या संघटनेला दिली. नावातच ऑडॅक्स असलेल्या क्लबला ऑडॅक्स भरवता येईना! क्लबने नाव बदललं नाही, नियम बदलला. त्याच वर्षी त्यांनी मुक्त गतीचा पहिला २०० किलोमीटरचा ब्रेवे भरवला. ज्याने त्याने आपापल्या वेगाने जायचं, एकट्याने किंवा सोबतीने. ठरलेल्या ठिकाणी शिक्का घ्यायचा आणि ठरलेल्या वेळेत परतायचं. आज जगभर जे ब्रेवे होतात ते याच नियमाचे वंशज. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०.

मला या संस्थेच्या इतिहासात हा सगळ्यात मोलाचा क्षण वाटतो, आणि तो भांडणातून आला ही त्यातली गंमत. कप्तान गेला तेव्हा सायकलस्वाराला नकाशा वाचणं भाग पडलं. पाणी कुठे मिळेल, पावाचं दुकान दुपारी किती वाजता बंद होतं, चढ गावाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ज्याचं त्याने बघायचं. मिशलँ कंपनीचे एका सेंटिमीटरला दोन किलोमीटर दाखवणारे नकाशे या लोकांची पोथी झाले. त्या नकाशावर रस्त्याच्या रेघेवर बारीक बाणांची टोकं काढलेली असतात. एक टोक म्हणजे साधारण चढ, दोन म्हणजे अवघड, तीन असतील तर सायकल ढकलायची तयारी ठेवावी. आणि रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असली की तिथलं दृश्य पाहण्याजोगं आहे, असा इशारा. मोठ्या रस्त्यांना लाल रंग, त्याखालच्यांना पिवळा, अगदी आडवाटांना पांढरा. जुना सायकलवाला बोट ठेवतो ते पिवळ्या-पांढऱ्यावर. फ्रान्समध्ये जिल्ह्यांच्या ताब्यातल्या रस्त्यांचं जाळं सुमारे पावणेचार लाख किलोमीटरचं आहे. डांबर बहुतेक ठिकाणी चांगलं, वर्दळ तुरळक, कडेला पिवळ्या डोक्याचे मैलाचे दगड. अशा देशात वाट शोधणं हाच अर्धा खेळ होतो.

आपल्या वेगाने, आपल्या वाटेने जाण्याच्या या रीतीमागे सेंतेतियेन गावच्या एका माणसाची सावली आहे. पॉल द व्हिवी, म्हणजेच ‘व्हेलोसिओ’. हा ‘ल सिक्लिस्त’ मासिकाचा संपादक. सायकलला एकापेक्षा जास्त गिअर हवेत, म्हणजे साध्या माणसालाही डोंगर चढता येईल, असं हा आयुष्यभर सांगत राहिला. देग्रांज यांना हे बायकी लाड वाटत. तूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणाऱ्या डिरेलरला मुभा मिळाली ती १९३७ मध्ये, व्हेलोसिओ जाऊन सात वर्षं झाल्यावर. दरवर्षी ईस्टरला मित्रांना घेऊन दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये सायकलने उतरायचं, ही त्याची प्रथा. १९४७ मध्ये क्लबने तिच्यावरून ‘फ्लेश व्हेलोसिओ’ सुरू केला. फ्लेश म्हणजे बाण.

हा बाण मला फार आवडतो. तीन ते पाच सायकलींचा गट, २४ तास, किमान ३६० किलोमीटर, एका जागी दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही. निघायचं कुठूनही, वाट आपण आखायची, पोहोचायचं ईस्टरला प्रोव्हान्सच्या दिशेने. उत्तरेकडून येणाऱ्या गटाला एका दिवस-रात्रीत फ्रान्स अंगावरून सरकताना दिसतो. निघताना काळसर पाटीच्या दगडाची छपरं, थंडीने आखडलेली शेतं. रात्री बर्गंडीत गावं झोपलेली, फक्त चर्चच्या घड्याळाचे टोले. पहाटे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शिरलं की कौलं लाल आणि गोलाकार होतात, कुंपणाला सुरूची झाडं दिसू लागतात, स्वयंपाकात लोण्याची जागा ऑलिव्ह तेल घेतं. इथला मिस्त्राल वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे सुटतो. प्रोव्हान्सकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो, म्हणून शहाणे गट शेवटचे तास या खोऱ्यात येतील अशी वाट आखतात. परतीचं काय, हे विचारू नये. परतीला आगगाडी.

‘फ्लेश द फ्रान्स’ हे या बाणाचं सावकाश भावंड. पॅरिसहून देशाच्या कडेच्या शहरांकडे जाणाऱ्या वाटा. पूर्वेला स्ट्रासबुर, नैऋत्येला स्पेनच्या वेशीवरचं आंदाय, दक्षिणेला पेर्पिन्यां. वर्षात कधीही निघा. क्लबकडून कार्ड आणि गावांची यादी मागवायची, शिक्के घेत जायचं, कार्ड परत धाडायचं. दक्षिणेला निघालेला माणूस आधी बोसच्या गव्हात बुडतो. तिथे आडोसा नाही, क्षितिजावर धान्याची कोठारं दिसतात आणि तासभर पाय मारले तरी जवळ येत नाहीत. लुआर ओलांडली की सोलोन्यची तळी आणि झाडी. मग जमीन हळूहळू उठू लागते, मासीफ सांत्रालच्या गायरानांत सपाट रस्ता असा राहतच नाही, फक्त चढ किंवा उतार. खाली लांगदोकमध्ये उतरेपर्यंत द्राक्षमळे लागलेले असतात. एकाच देशात इतके देश आहेत, हे मोटारीतून जाणाऱ्याला पटवणं कठीण.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसबद्दल थोडं अधिक सांगावं लागेल, कारण आपल्याकडे हा क्लब ओळखला जातो तो तेवढ्याने. मुळात ही वर्तमानपत्राने भरवलेली शर्यत. १८९१ मध्ये ‘ल पती जूर्नाल’च्या पियेर जिफार यांनी ती घेतली आणि शार्ल तेराँ याने सुमारे ७१ तासांत, झोप न घेता जिंकली. पुढे साधारण दर दहा वर्षांनी व्यावसायिक खेळाडू ती धावत. १९३१ मध्ये क्लबने त्यांच्या जोडीला हौशी लोकांसाठी ब्रेवे सुरू केला, आणि त्यात स्त्रियाही उतरल्या. १९५१ नंतर व्यावसायिकांची शर्यत बंद पडली. हौशी मात्र राहिले. आता ती दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये होते. सुमारे १२०० किलोमीटर, ९० तास. निकाल आडनावाच्या वर्णानुक्रमाने छापतात. पहिला कोण आला हे ज्याला हवं त्याने स्वतः शोधावं.

अलीकडे ती रांबुयेहून सुटते. पेर्शच्या लाटांसारख्या टेकड्या, व्हिलेन-ला-जुएल, फूजेरचा किल्ला, मग ब्रिटनी. व्हिलेन-ला-जुएलमध्ये सारं गाव रस्त्यावर असतं, शाळकरी पोरं दमलेल्यांची ताटं उचलून टेबलापर्यंत नेतात. आणखी एका वाडीत एक कुटुंब रात्रभर फुकट क्रेप भाजून द्यायचं. मोबदला एकच, घरी पोहोचल्यावर आपल्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठवायचं. पुढे मों-दारेची उघडी माळरानं, रोक त्रेव्हेझेलचा चढ आणि खाडीवरचा १९३० चा आल्बेर-लूप पूल. मोटारींसाठी शेजारी नवा पूल झाल्यापासून हा जुना पूल पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना मिळाला आहे. पलीकडे ब्रेस्ट. आमच्याकडचे सायकलवाले या सगळ्याला हटकून वारी म्हणतात. गावांचा पाहुणचार पाहिला तर ते चुकीचं नाही. पण वारीला शेवटी विठ्ठल आहे. इथे ब्रेस्टला पोहोचल्यावर कार्डावर शिक्का मिळतो आणि आल्या वाटेने परत फिरायचं असतं.

फ्रान्सबाहेर हा प्रकार नेला तो रॉबेर लपेर्तेल यांच्या पिढीने. १९७० च्या दशकात परदेशी क्लबांना ब्रेवे भरवू दिले गेले, १९८३ मध्ये ‘ले रँदोनर मोंदियो’ ही जागतिक संघटना उभी राहिली. मात्र ब्रेवे जगात कुठेही होवो, त्याला मान्यतेचा क्रमांक पॅरिसचा हाच क्लब देतो. पुणे, मुंबई, नाशिकच्या सायकलस्वारांचे क्रमांकही तिथूनच येतात. २०१९ मध्ये भारतातून शेकडो जण ब्रेस्टला निघाले होते, त्यांत मराठी मंडळी भरपूर. जाताना समोरून वारा, रात्री हाडं गोठवणारी थंडी. पुष्कळांना ९० तासांत परतता आलं नाही. सह्याद्रीचे घाट चढून पाय तयार होतात, पण ऑगस्टात चार-पाच अंशांची रात्र कशी असते हे वाईच्या किंवा लोणावळ्याच्या रस्त्यावर शिकता येत नाही.

आपल्याकडे शिक्क्याची अडचण पहिल्यापासूनच होती. चहाच्या टपरीवर कसला शिक्का असणार? म्हणून इथल्या लोकांनी एटीएम गाठलं. किरकोळ रक्कम काढायची, पावतीवर जागा आणि वेळ छापून येते, ती कार्डासोबत जोडायची. पेट्रोल पंपाची पावतीही चालते. फ्रेंच सायकलवाल्याला हे पूर्वी हास्यास्पद वाटलं असतं. रात्री गाव झोपलेलं असेल तर त्याच्याकडे दुसरी सभ्य सोय होती. टपालपेटीत क्लबच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायचं, टपालाचा शिक्का तोच पुरावा.

आता त्याच्याच गावांत शिक्के सापडेनासे झालेत. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये दोन लाखांच्या घरात कॅफे होते, आता ते चाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. जे गेले त्यांत खेड्यांतले फार. यादीतल्या गावात पोहोचावं तर कॅफेची पाटी आहे, दारं बंद आहेत. पावाचं दुकानही उठलेलं. त्याच्या जागी चौकात ‘बागेत’ या पावाचं यंत्र बसवलेलं असतं. नाणं टाकलं की कोमट, लांबट पाव खाली येतो, रात्री दोन वाजतासुद्धा. क्लबच्या लोकांनी पुराव्याचे नियम सैल केले आहेत, छायाचित्रही चालतं. मग तो सायकलस्वार सायकल यंत्राला टेकवतो, मागची गावाच्या नावाची पाटी चौकटीत येईल असा दोन पावलं मागे सरकतो, फोटो काढतो, पाव काखेत धरून कार्डावर स्वतःच वेळ लिहितो.