अंथरूण एक, झोपा दोन : दांपत्याच्या गादीची गोष्ट

१/ ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपल्याला पाठ असते. पण अंथरूण एक आणि पाय चार असतील, तर? एकाला कडक गादी मानवते, दुसऱ्याला मऊ. एकाला उकडते, दुसऱ्याला पांघरूण लागते. एक कूस बदलतो आणि दुसरा जागा होतो. दोन्ही बाजूंचा कडकपणा वेगवेगळा ठेवता येईल अशी गादी आज बाजारात मिळते. प्रश्न मात्र जुना आहे. प्रत्येक काळाने त्याचे उत्तर आपापल्या भीतीप्रमाणे आणि आपापल्या ऐपतीप्रमाणे शोधले.

२/ प्रारंभ इंग्लंडपासून करू. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात वेअर गावचा प्रचंड पलंग आहे. सुमारे १५९० ते १६०० या काळातला, रुंदी तीन मीटरहून अधिक. तो खाणावळीत प्रवाशांसाठी होता. त्या काळी अनोळखी माणसांनीही एका बिछान्यावर रात्र काढण्यात कोणाला वावगे वाटत नसे. घरातला पलंग ही मोलाची मालमत्ता होती. शेक्सपिअरने १६१६ च्या मृत्युपत्रात पत्नीच्या नावे एक पलंग खास नमूद केला आहे. अशा जगात ‘माझी झोप, माझी गादी’ हा विचार चैनीचाच.

३/ एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. शेजारी झोपणाऱ्याच्या उच्छ्वासाने हवा दूषित होते, दुर्बल माणूस सबळाची जीवनशक्ती शोषून घेतो, असे काही डॉक्टर गंभीरपणे सांगू लागले. इंग्लंडमधील आरोग्यसुधारक बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी दोघांच्या पलंगाला आरोग्यास अपायकारक ठरवले. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला आणि संसर्गाच्या भीतीला शास्त्राचा आधार मिळाला.

४/ या भीतीतून ‘जुळे पलंग’ रूढ झाले : एकच शयनगृह, पण पती-पत्नीचे पलंग स्वतंत्र. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन-अमेरिकेतल्या मध्यमवर्गात ते आधुनिकतेचे लक्षण मानले जात. अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेतही पती-पत्नीचे पलंग वेगळेच दिसतात. तेथे कारण आरोग्याचे नव्हते, पडद्यावरच्या सोवळेपणाचे होते. उलट, १९१८ मध्ये ‘मॅरीड लव्ह’ लिहिणाऱ्या मेरी स्टोप्स यांनी जुळ्या पलंगांना कडाडून विरोध केला. त्यांच्या मते पलंगांतले अंतर हळूहळू संसारातले अंतर होते.

५/ म्हणजे पर्याय दोनच उरले : झोप सोडा, नाहीतर सहवास सोडा. हा पेच सोडवण्याचा मार्ग काढला तो यंत्रविद्येने. जुन्या स्प्रिंगच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींत अडकवलेल्या असत. एक दबली की शेजारच्याही दबत, आणि हलका माणूस जड माणसाच्या खळग्याकडे घसरे. एकोणिसावे शतक संपता संपता जेम्स मार्शल या अभियंत्याने प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र पिशवीत शिवली. आता प्रत्येक स्प्रिंग आपापला भार पेलू लागली. हाताने होणारे हे काम महाग होते. १९२५ मध्ये अमेरिकेच्या सिमन्स कंपनीने ते यंत्रावर आणले आणि पलंग वेगळे न करताही हालचाल वेगळी ठेवणे अनेकांच्या आवाक्यात आले.

६/ हालचालीचा प्रश्न असा सुटला, तरी कडकपणाचा उरलाच होता. १९८७ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथे सिलेक्ट कम्फर्ट ही कंपनी सुरू झाली. तिच्या मोठ्या गादीत हवेचे दोन कप्पे होते आणि प्रत्येकाला आपल्या बाजूची हवा कमी-जास्त करता येत होती. जुळे पलंग पुन्हा आले. या वेळी एकाच खोळीच्या आत.

७/ आता आपल्या घरी येऊ. हवी तशी गादी बनवून घेणे आपल्याला नवे आहे का? पिंजारी दारात येई, जुना दडपलेला कापूस पिंजून मोकळा करी आणि घरच्या सांगण्याप्रमाणे गादी जाड किंवा पातळ भरून टाके घाली. प्रत्येकाची गादी सुटी; रात्री शेजारी अंथरायची, सकाळी गुंडाळून ठेवायची. माझ्या आजोबांना जाड गादी लागे, आजीला नुसती सतरंजी आणि चादर. दोघे एकाच खोलीत निजत आणि यात कोणाला काही विशेष वाटत नसे. पुढे घरात ‘डबल बेड’ आला, त्यावर एकसंध गादी आली, आणि आजीची पाठ दुखू लागली. “होईल सवय,” असे सगळ्यांनी तिलाच सांगितले. गादी बदलावी, असे कोणाच्या मनातही आले नाही.

८/ या इतिहासाचा आज गादी निवडताना उपयोग काय? आधी तक्रार नेमकी कोणती ते ओळखावे. शेजाऱ्याच्या हालचालीने झोपमोड होत असेल, तर पिशवीबंद स्प्रिंगा किंवा फोम. कडकपणावर एकमत नसेल, तर दोन बाजू वेगळ्या असलेली गादी, किंवा एका पलंगावर दोन सुट्या गाद्या. उकाडा-थंडीचा वाद असेल, तर गादीपेक्षा दोन पांघरुणे स्वस्त. आणि ‘कडक तेवढी पाठीला चांगली’ हा समज तपासून घ्यावा : २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांमध्ये कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक गुणकारी ठरली.

९/ दांपत्याचा एकसंध पलंग हा काही निसर्गनियम नाही. तो कधी ऐपतीने ठरला, कधी भीतीने, कधी फॅशनने. म्हणून दुकानात गेलात की दोघांनीही आडवे होऊन पाहा, आणि ‘मला चालेल’ असे जो आधी म्हणेल, त्याला पुन्हा एकदा विचारा.