नियमातली फट

खेळाचा इतिहास लिहू लागले, की बहुधा तो खेळाडूंचा इतिहास होतो. कोणी किती गडी मारले, कोणत्या संघाने ढाल नेली, कोणाची पकड मगरीची होती, याच्या आठवणी तालुक्या-तालुक्यांतून निघतात आणि त्या निघाव्यातही. परंतु खेळाला आणखी एक इतिहास असतो. तो मैदानावर दिसत नाही; नियमांच्या पातळशा पुस्तकात असतो. ते पुस्तक सहसा कोणी वाचत नाही, पंचदेखील परीक्षेपुरते वाचतात. पण त्यातले प्रत्येक कलम नीट न्याहाळले, तर त्याच्या मागे एखादा चतुर गडी उभा असलेला दिसतो. त्याने कधीतरी नियमातली फट हेरली, तिच्यातून तो पार झाला, समोरच्यांनी आरडाओरडा केला, आणि मग शहाण्या माणसांनी एकत्र बसून ती फट लिंपली. नियमांचे पुस्तक म्हणजे अशा लिंपलेल्या फटींची यादीच होय.

हा विचार मनात आला तो हुतूतूवरून. आजच्या भाषेत कबड्डीवरून. आणि साताऱ्या-सांगलीच्या माणसाने तो करावा, यालाही कारण आहे. या खेळाच्या नियमांची एक पहिली चौकट 1921 साली साताऱ्यात तयार झाली. त्या वेळी सातारा म्हणजे आजचा सातारा नव्हे. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. 1949 साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा 1921 च्या त्या चौकटीवर कृष्णा-वारणेच्या दोन्ही काठांनी सारखाच हक्क सांगावा.

त्यापूर्वी काय होते? खेळ होता, पण तो एक नव्हता. आपल्याकडे हुतूतू, बंगालात हा-डू-डू, तामिळ मुलखात चेडुगुडु, उत्तरेकडे कबड्डी. नावे वेगळी आणि रीतही वेगळी. ठोकळमानाने पाहिले, तर तीन रीती होत्या. पहिली गामिनी. तीत बाद झालेला गडी बाहेर बसे, तो संघातले सगळे बाद होईपर्यंत. दुसरी संजीवनी. तीत समोरचा एक गडी बाद झाला, की आपला एक बाद गडी जिवंत होऊन आत येई. तिसरी अमर. तीत बाद होऊनही कोणी बाहेर जात नसे. नुसते गुण मोजले जात.

या तीन रीती म्हणजे केवळ तीन प्रांतांच्या तीन सवयी असे समजू नये. न्यायाविषयीच्या त्या तीन कल्पना आहेत. गामिनीत ज्याचे दोन गडी आरंभीच गेले, त्याचे पुढचेही जाणार हे जवळजवळ ठरलेले. सात जणांनी चढाईवाल्याला घेरणे वेगळे आणि तिघांनी घेरणे वेगळे. दुबळा अधिक दुबळा होतो, बळकट अधिक बळकट होतो, आणि उरलेला डाव म्हणजे एक लांबलेले मरण ठरते. सावकाराच्या वहीतल्या कर्जासारखी ही रीत. एकदा मागे पडलात की मागेच. अमर या रीतीत नेमके उलटे. तीत कोणाचे काहीच जात नाही. जो जात नाही त्याला जाण्याची भीती नाही, आणि भीती नाही म्हणून पकडीला धार नाही. संजीवनी या दोहोंच्या मधली. तीत बाद होण्याला किंमत आहे, पण ती किंमत फेडता येते. आपल्यातल्या एकाने पराक्रम केला, तर बाहेर मान खाली घालून बसलेला दुसरा उठून आत येतो.

साताऱ्याच्या चौकटीने संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घातला. गडी बाद होईल, पण जिवंतही होईल. आणि सगळाच संघ बाद झाला, तर त्याचा वेगळा दंड, म्हणजे लोण, त्याच्यावर चढेल. आज लोणाचे दोन जादा गुण मिळतात. या मेळामुळे दोन्ही पारड्यांना पुन्हा वर येण्याची वाट राहिली. पुढे 1923 साली एका खास समितीने या नियमांत दुरुस्त्या केल्या आणि त्याच वर्षी बडोद्याला हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरवले. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशी लोकांपुढे करून दाखवला. 1950 साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि 1952 साली मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 1990 साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. एवढा प्रवास घडला, पण 1921 चा तो मूळ कौल, हरणाऱ्याला परतीची वाट हवी हा, कोणी मोडला नाही.

नियम झाले की मात्र फटी आल्याच. नियम करणारा सभ्य माणूस असतो. गडी कसा खेळावा याचे चित्र त्याच्या मनात असते. खेळणारा गडी वेगळा. नियमात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही, इकडे त्याचे लक्ष.

अंगाला तेल चोळून उतरू नये, असे नियमांत लिहिले आहे. हे आधी कोणाला सुचले असेल? तेल लावलेला पहिला गडी पाचांच्या हातांतून मासळीसारखा निसटला, तेव्हाच सुचले असेल. नखे कापलेली असावीत, हेही तसेच. चढाईवाल्याचे तोंड दाबून त्याचा दम मोडू नये, पायांची कात्री घालू नये, हात-पाय आणि धड यांखेरीज दुसरीकडे धरू नये, ही सारी कलमे कोणाच्या ना कोणाच्या दुखऱ्या अंगावरून आली आहेत. चढाईवाल्याला बाहेरून आपल्या माणसांनी सूचना देऊ नये, दिल्यास समोरच्यांना गुण, हे कलम वाचताना तर कडेला उभा राहून ‘अरे, मागं बघ, मागं!’ असे ओरडणारा गावकरी डोळ्यांपुढे येतो.

काही फटी याहून सूक्ष्म. आपला संघ एका गुणाने पुढे आहे, वेळ थोडा उरला आहे; अशा वेळी चढाईवाल्याने मध्यरेषेपलीकडे पाऊल टाकावे, दोन हात हलवावेत आणि परत यावे. यात खोटे काय आहे? तो आत गेला, दम घातला, परत आला. नियमाच्या शब्दाला कोठे धक्का नाही, पण खेळ मात्र मेला. म्हणून निदानरेषा आली. पुरुषांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते, आणि कोणाला स्पर्श न करता परतायचे असेल तर चढाईवाल्याने ती निदान एकदा ओलांडलीच पाहिजे. मग बचाव करणारे सगळे मागच्या रेषेला चिकटून उभे राहू लागले, तर त्यावर उपाय म्हणून आणखी एक मीटर आत बोनस रेषा. ती ओलांडणाऱ्याला गुण, पण समोर निदान सहा गडी असतील तरच. या ‘तरच’मध्येही पारडे सांभाळलेले आहे, कारण तीनच गडी उरलेल्या संघाकडून फुकटचा गुण घेऊ द्यायचा नाही.

एवढे करूनही निदानरेषेपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतणारे उरलेच. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये त्यावर तोडगा निघाला. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणायचा, नाहीतर बाद व्हायचे. आणि तिघे किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या संघाने पकड केली, तर त्याला एक गुण जादा. ही दुसरी सुधारणा मला विशेष वाटते. साताऱ्याने दुबळ्याला दिलेल्या वाटेचा तो आणखी एक फाटा आहे.

येथे कोणी विचारील, मग चतुराई वाईट काय? आमच्या वाळवे तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके पकडायला आलेल्यांच्या डोक्यावरून उडी मारून निघून जाई. लोकांनी तिला हनुमान उडी म्हटले. नियमात उडीचा उल्लेख नाही. मग तीही फटच नव्हे काय? मला वाटते, येथेच कसोटी सापडते. हवेत उडालेला गडी आपला जीव उघडा करून उडतो. खाली उभ्या असलेल्याने पाय धरला तर तो आपटतो. त्या उडीला उत्तर आहे. अंगाला लावलेल्या तेलाला उत्तर नाही. समोरच्याने कितीही मेहनत केली तरी त्याची बोटे निसटणारच. ज्या युक्तीला प्रतिपक्षापाशी उत्तर असते ती कला. जिला उत्तरच नसते ती फट. कलेला टाळ्या द्याव्यात, फट लिंपावी.

हा प्रश्न मातीच्या खेळापुरता नाही. वर्गातली मुले हल्ली फोनवर अंतराळयुद्धाचे खेळ खेळतात आणि मधल्या सुटीत त्यांचे वाद चालतात, की अमुक पक्षाची जहाजे फार बळकट आहेत. आइसलँडमधील एका कंपनीने 2003 साली ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा असा एक खेळ सुरू केला. त्यात हजारो माणसे एकाच आकाशात टोळ्या करून लढतात, खाणी चालवतात, व्यापार करतात. 2008 च्या अखेरीस तेथे उघडकीस आले, की अंतराळातील काही ठाण्यांतून कच्चा माल न घालताच महागडे द्रव्य बाहेर पडते आहे, आणि काही खेळाडू ते गुपचूप विकून गबर झाले आहेत. कंपनीने दोष दुरुस्त केला आणि त्या खेळाडूंची खाती बंद केली. तेथेही कसोटी तीच लागते. ज्याच्याकडे अशी संपत्ती फुकट येते, त्याला इमानाने खाण खणणाऱ्यापाशी काय उत्तर असणार? त्याच वर्षी त्या खेळात खेळाडूंनी निवडून दिलेले एक सल्लागार मंडळही आले. खेळणाऱ्याला विचारल्यावाचून पारडे नीट तोलता येत नाही, हे तेथेही पटले असावे. फरक इतकाच, की तेथे केलेली दुरुस्ती सर्वांना एकदमच लागू होते. आपल्याकडे ती पंचाच्या शिट्टीबरोबर गावोगाव पायी जाते.

आणि वाटेत ती अडखळली तर काय होते, हे 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊला दिसले. आशियाई स्पर्धांचा अंतिम सामना, भारत आणि इराण, गुण 28-28, शेवटचे मिनिट. भारताचा पवन सेहरावत चढाईवर गेला आणि कोणाला स्पर्श न करताच राखीव क्षेत्रात शिरला. त्याच्या मागोमाग इराणचे गडीही शिरले. जुन्या नियमाने तेही सारे बाद. नव्या नियमाने फक्त चढाईवाला बाद. कोणता नियम लावायचा? पंचांचा निर्णय फिरला, पुन्हा फिरला. सामना सुमारे तासभर थांबला. दोन्ही संघ आळीपाळीने मैदानावर बसून राहिले. अखेर भारताला तीन आणि इराणला एक गुण देण्यात आला आणि भारत 33-29 असा जिंकला. आपण जिंकलो याचा आनंद झालाच. परंतु जिंकणाऱ्याच्याही मनात किंतु राहावा, असे ते जिंकणे होते. फट लिंपणे पुरेसे नाही. ती लिंपली आहे हे दोन्ही बाजूंना डाव मांडण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे. गल्लीतली पोरेदेखील खेळ सुरू होण्यापूर्वी ‘काय काय चालणार?’ हे ठरवून घेतात.

आता एका दुरुस्तीविषयी लिहायचे राहिले. तीच मला सर्वांत जड वाटते. ती दमाची. या खेळाचा प्राण दम. एका श्वासात जायचे, एका श्वासात मारायचे, एका श्वासात परतायचे. जगात दुसऱ्या कोठल्या खेळाने माणसाच्या छातीलाच घड्याळ केले असेल, असे मला वाटत नाही. पण या घड्याळात चोरी फार सोपी. ‘कबड्डी’च्या दोन उच्चारांमध्ये नकळत श्वास घ्यावा, जवळ उभ्या पंचालाही तो ऐकू येत नाही, मग दहा हजारांच्या गलक्यात काय येणार? चोरलेल्या श्वासाला प्रतिपक्षापाशी उत्तर नव्हते. आपल्याच कसोटीने पाहिले, तर ती फटच होती. म्हणून तीस सेकंदांचे घड्याळ आले, सर्वांना दिसणारे आणि कोणाची भीड न धरणारे. दमाचे कलम कागदावर राहिले आहे, ओठही हलतात. पण चढाई संपते ती घड्याळावर.

न्याय झाला, यात शंका नाही. मोठ्या सामन्यांत दुसरा मार्गही नव्हता. तरीपण या दुरुस्तीने फटीबरोबर थोडी भिंतही गेली. पहाटे उठून छाती कमावणारा, पंचाने पाहिले नाही तरी श्वास न चोरणारा गडी हा या खेळाचा जुना अभिमान होता, आणि त्याची किंमत आता गुणफलकावर उमटत नाही. नियम जितका पक्का होतो, तितकी इमानाची गरज कमी होते. आणि ज्याची गरज नाही ते हळूहळू नाहीसे होते.

यावर माझे म्हणणे साधे आहे. जेथे ढाल, पैसा आणि देशाचे नाव पणाला लागते, तेथे घड्याळ असू द्यावे. पण आमच्या सातारा-सांगलीच्या शाळांतून, जेथे फक्कीने आखलेल्या मैदानावर सायंकाळी चौदा मुले उतरतात, तेथे दम ठेवावा. तेथे पंच म्हणून एखादा मास्तर असतो आणि त्यालाही नीट ऐकू येत नसते. मुलाने श्वास चोरला की नाही, हे फक्त त्या मुलालाच ठाऊक असते. ते त्याला ठाऊक असणे, हेही शाळेच्या अभ्यासक्रमात असावे.