डुक्कर फियाट ते पद्मिनी

‘डुक्कर फियाट’ हे नाव तुमच्यापैकी ज्यांनी ऐकले असेल त्यांना आत्ता हसू आले असेल. ज्यांनी ऐकले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९५४ साली मुंबईच्या कुर्ल्यातून फियाट ११०० नावाची एक छोटी मोटार बाहेर पडू लागली. नाक पुढे आलेले, अंग गोलसर, अन् बसकी ठेवण. पहिल्या गाड्यांची पुढची दारेही उलटी, म्हणजे कपाटासारखी मागच्या बिजागरीवर उघडत. कुणा रसिकाने हे नाव ठेवले कोण जाणे. पण महाराष्ट्रात ते चिकटले ते चिकटलेच. गंमत अशी, की ज्यांच्या दारात ती उभी असे तेही तिला डुक्करच म्हणत, आणि तेच खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घालून बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढत.

या गाडीला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे प्रीमियर पद्मिनीला, आयुष्य फार मोठे लाभले. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी २००१ पर्यंत तयार होत होती, आणि मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. मूळ इटलीत मात्र फियाटने ११०० चा संसार १९६९ लाच आटोपला होता. माहेरी जिचे नावही कुणी काढीना, ती लेक सासरी आणखी तीस वर्षे नांदली. ती एवढी कशी टिकली? ‘त्या काळी पत्रा जाड असायचा, आता काय राहिलंय!’ हे उत्तर तुम्हाला कोणत्याही गॅरेजात मिळेल. मला ते अर्धेच वाटते. उरलेले अर्धे शोधायचे तर मोटारीभोवतीची माणसे आणि त्या काळचे सरकारी धोरण पाहावे लागते.

थोडे मागे जाऊ. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे मोटारी येत त्या परदेशातून, आणि पुष्कळशा सुट्या भागांच्या पेट्यांतून. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत अशा पेट्या उघडून गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. मागोमाग फोर्डही आली. जोडणारे हात इथले, महत्त्वाचे भाग सगळे तिकडचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना हे पटत नव्हते. आगबोटी, विमाने, साखर अशा नाना धंद्यांत या गृहस्थाने उडी घेतली होती. मोटारीचा कारखाना आपल्या देशात निघावा म्हणून सर विश्वेश्वरय्यांनी १९३० नंतरच्या दशकात योजना आखली, तिच्यामागेही वालचंद होते. ब्रिटिश सरकारने दाद दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी हातमिळवणी होऊन डॉज, प्लिमथ या ऐसपैस गाड्या कुर्ल्याला जोडल्या जाऊ लागल्या, आणि पुढे इटलीच्या फियाटशी संधान जुळले. वालचंद १९५३ मध्ये वारले. डुक्कर फियाट काही त्यांना पाहायला मिळाली नाही.

त्याच १९५३ साली दिल्लीत एक निर्णय झाला. ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने सगळी गाडी इथेच बनवायला तयार असतील त्यांनीच राहावे, नुसत्या पेट्या उघडणाऱ्यांनी निघावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. खासगी मोटारी बनवणारे ठळक असे तीनच घर उरले : बंगालात अॅम्बॅसडरवाले हिंदुस्थान मोटर्स, मद्रासेत स्टँडर्ड आणि मुंबईत आपले प्रीमियर. परदेशी गाडी आणणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. किती गाड्या बनवायच्या यावर परवान्याचे बंधन, आणि किंमत किती घ्यायची हा वाद तर पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

याचा परिणाम घराघरात काय झाला? मोटार हवी तर नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे. मुलगा शाळेत असताना नाव नोंदवले आणि गाडी आली ती त्याच्या वरातीला, असे लोक थट्टेने म्हणत. त्या थट्टेत तथ्य पुष्कळ होते. वापरलेली फियाट नव्या फियाटपेक्षा चढ्या भावाने विकली जाई, कारण ती आज मिळत असे. अशी गाडी एकदा हाती आली की माणूस ती सोडील कशाला? मागणी संपत नव्हती, तेव्हा कारखान्यालाही साचा बदलण्याची घाई नव्हती. १९६४ मध्ये मागे शेपटीसारखे पंख असलेली ‘डिलाइट’ आली. फियाटशी करार संपल्यावर १९७३ मध्ये तिचेच नाव ‘प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. हे नाव चितोडच्या राणीवरून घेतले असे सांगतात. नावे बदलत गेली, आत मात्र तेच १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, तीच सुकाणूच्या चाकाखाली बसवलेली गिअरची दांडी, मागच्या चाकांना तेच पाट्यांचे स्प्रिंग. ज्या गोष्टीला आपण आज गाडीचा टिकाऊपणा म्हणून नावाजतो तिच्यात पर्याय नसण्याचा वाटा मोठा होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.

पण एवढ्यावर थांबलो तर गाडीवर अन्याय होईल. वीस-पंचवीस वर्षे तीच गाडी बनत राहिल्याने आणखी एक गोष्ट घडली. तिची विद्या गावोगाव पसरली.

बैलगाडीचे उदाहरण घ्या. आजोबांची गाडी नातू चालवतो असे आपण म्हणतो. पण मधल्या काळात तिचे आरे बदललेले असतात, तुंबा नवा घातलेला असतो, धाव दोनदा तापवून बसवलेली असते, जू तर कितीदा मोडले त्याचा हिशेब नाही. तरी गाडी आजोबांचीच. ती टिकली याचे कारण बाभळीचे लाकूड जसे आहे, तसाच गावातला सुतार आणि लोहारही आहे. तिचा कुठलाही अवयव काढून नवा घालणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता.

पद्मिनीचे नेमके हेच झाले. बॉनेट उघडले की सगळे यंत्र डोळ्यांसमोर. झाकलेले, कोड्यात टाकणारे काही नाही. गाडी झटके देऊ लागली तर प्लग काढून, काजळी खरवडून पुन्हा बसवायचा. सुरू होईना तर डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला तर जेट काढून फुंकायचे. बॅटरी उतरली तर चार माणसांनी ढकलायचे, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला की ती खोकत खोकत चालू झालीच. गिअरची दांडी अडकण्याची तिला खोड होती. मग खाली उतरून, बॉनेट उघडून, जोडणीला हलका हिसडा द्यायचा. घाट चढताना आणखी एक दुखणे. इंजिनाला चिकटलेला पेट्रोलचा पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी बंद. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे झाडाखाली बसणे. भर उन्हाळ्यात खोपोलीहून खंडाळ्याकडे जाताना वाटेत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि पाण्याचे डबे घेऊन खटपट करणारे मालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

म्हणजे ‘ही गाडी कधी दगा देत नाही’ असे जे म्हणतात ते शब्दशः खरे नव्हते. ती पुष्कळदा बंद पडे. पण बंद पडली तरी माणसाला घरी आणून सोडी, कारण दुरुस्ती रस्त्यावर होई. तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडजवळ गॅरेज टाकलेला मिस्त्री कुठल्या तंत्रशाळेत गेलेला नसे, बारा-तेराव्या वर्षी पान्हे पुसायला लागलेला पोरगाच तो. इंजिनाचा आवाज ऐकून ‘व्हॉल्व्ह वाजतोय, साहेब’ असे तो सांगे. (या माणसांचे शिक्षण आम्ही प्राध्यापक मंडळी कुठल्याच अहवालात मोजत नाही.)

मालकाचा जीव जडतो तो इथे. आमच्या गावाकडे एका डॉक्टरांकडे करड्या रंगाची पद्मिनी होती. रात्री-अपरात्री वाडीवस्तीवर बाळंतपणाला जायचे तर हीच. पावसाळ्यात तळाचा पत्रा गंजून भोक पडे, की त्याला वेल्डिंगचे ठिगळ लागे. पुढचे आसन सलग, त्यामुळे डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर आणि पेशंटचा नातेवाईक असे तिघे पुढे, आणि मागे आडवी झोपलेली बाई. मुलाने नवी गाडी घेऊन दिली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘तू चालव ती. मला हिचं दुखणं कळतं.’ मला वाटते, वर्षानुवर्षे जिची नाडी पाहिली तिच्याविषयी वैद्याला वाटावे तसे काहीसे ते होते.

मुंबईतली गोष्ट याहून कठीण. तिथे ही गाडी हौसेची नव्हती, ती पोटाची होती. साठच्या दशकापासून काळ्या अंगाची आणि पिवळ्या टपाची फियाट टॅक्सी म्हणून मुंबईत रुळली. कलकत्त्याने अॅम्बॅसडर पसंत केली, मुंबईने फियाट. ती अंगाने लहान, गल्लीबोळात वळणारी, पेट्रोल कमी पिणारी, आणि कारखाना कुर्ल्यातच असल्याने सुट्या भागांना तोटा नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास टॅक्स्या होत्या आणि त्यांत बहुतेक पद्मिनीच. एकाच गाडीवर दोन चुली पेटत : दिवसपाळीला मालक स्वतः, रातपाळीला भाड्याने घेतलेला ड्रायव्हर. गावाकडे दोन एकर जमीन जशी, तशी इथे ही टॅक्सी. तिच्यावर बहिणींची लग्ने झाली, भावांची शिक्षणे झाली. आरशाला माळ, समोर देवाचा फोटो, मागे निळा-लाल दिवा. हा सगळा थाट घर मांडल्यासारखा.

पण याच गाड्यांच्या धुराने शहर काळवंडले, हेही तितकेच खरे. जुने इंजिन किती सांभाळले तरी धूर ओकणारच, आणि तो धूर फुटपाथवर झोपणाऱ्याच्या आणि सिग्नलवर उभ्या असलेल्या हवालदाराच्या छातीत जाणार. न्यायालयात दाद मागितली गेली. नव्या शतकाच्या आरंभी टॅक्स्या सीएनजीवर आल्या. मग वयाची मर्यादा आली; २००८ मध्ये टॅक्सीला २५ वर्षांची, आणि २०१३ मध्ये २० वर्षांची. मला विचाराल तर मर्यादा घालणे बरोबरच होते. मात्र ज्याची सगळी पुंजी त्या एका गाडीत आहे त्याने नवी कशाच्या बळावर घ्यावी, आणि नवी घेतली तर तिचे हप्ते फेडता फेडता गावाकडे काय पाठवावे, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागला. मुलाला या धंद्यात आणायचे नाही असे ठरवून पुष्कळांनी बिल्ला परत केला. मिस्त्रींचेही तेच झाले. आता गाडीचा दोष संगणक जोडून पाहतात, कानाने ऐकणाऱ्याला कोण विचारतो?

१९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली तेव्हाच पद्मिनीचे दिवस भरत आले होते, तरी त्यानंतरही ती सतरा-अठरा वर्षे बनत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या ताडदेव कार्यालयात नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. वीस वर्षांचा हिशेब करा : ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी चालवण्यास परवानगी उरली नाही. त्याच्या दीड महिना आधी बेस्टच्या जुन्या डिझेलच्या दुमजली बसही बंद झाल्या होत्या. निदान एक तरी पद्मिनी संग्रहालयात ठेवा, अशी मागणी तेव्हा झाली.

खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांची मुदत वाढवून घेता येते, आणि हौशी मालक ती घेतात. तुमच्या गावातही एखाद्या वाड्याच्या पडवीत, कडब्याच्या गंजीआड एखादी उभी असेल. शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. मुलांना घेऊन तिथे जा. १९८९ पूर्वीचा तीन अक्षरी क्रमांक असेल तर तो टिपा. गाडी कोणत्या साली घेतली, नाव नोंदवून किती वर्षे थांबावे लागले, पहिला मोठा प्रवास कुठला, इंजिनाचे काम कुणी काढले, त्या मिस्त्रीचे पुढे काय झाले, एवढे मालकाला विचारून वहीत उतरवून घ्या. मालक साठी-सत्तरीच्या पुढचे असतील, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.