खिशातली भिंगरी

आज आपण फोनमध्ये शेकडो जीबी घेऊन सहज फिरतो. पण १९९९ साली आयबीएमने मायक्रोड्राइव्ह बाजारात आणली, तेव्हा ३४० एमबीचंही केवढं अप्रूप होतं! एक इंची चकती, वजन १६ ग्रॅम, आणि बसायची थेट कॅमेऱ्याच्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या जागी.

गोची तिथेच होती. दिसायला कार्ड, आत मात्र अख्खी हार्ड डिस्क. साधं कार्ड पडलं तर उचलायचं, झटकायचं, परत लावायचं. इथे फिरत्या चकतीवर, हवेच्या पातळ थरावर हेड तरंगतंय. चालू असताना धक्का बसून ते घासलं की फोटो गेलेच म्हणून समजा. हवा विरळ झाली तरी पंचाईत! म्हणून साधारण ३,००० मीटरच्या वर वापरायची नाही. म्हणजे लेहला (३,५०० मीटर) पोचलात की कॅमेरा बॅगेत :)

तरी २००४च्या आयपॉड मिनीत हीच एक इंची ड्राइव्ह होती, कारण तेवढी फ्लॅश मेमरी तेव्हा महाग पडायची. २००५ मध्ये फ्लॅशवाला नॅनो आला आणि मिनी बंद झाला.

असो. कार्डासारखी दिसणारी वस्तू लोक कार्डासारखीच हाताळणार. त्यात चूक त्यांची नाही, तिला तसा आकार देणाऱ्या आपल्यासारख्या इंजिनिअरांची.