ओहम जुळव बे!

मूर्तिजापूर मागे पडलं आणि डिक्कीतला आवाज बंद झाला. अमरावतीहून अकोल्याला निघालो होतो, सोबत तीन मित्र. आदल्या रात्री यूट्यूब पाहून मी स्वतःच गाडीत सबवूफर बसवला होता. अॅम्प्लिफायरवर लाल दिवा पेटलेला आणि मागून जळक्या वार्निशचा वास. अठरा हजार रुपये गेले. मी इंजिनिअर, रोज सर्व्हर सांभाळतो, पण मला दोन वायरी नीट जोडता आल्या नाहीत.

मामांकडे थांबलो. त्यांची गावात लाऊडस्पीकर सर्व्हिस होती. लग्न, सप्ताह, प्रचारसभा, सगळीकडे त्यांचेच कर्णे. त्यांनी डिक्की उघडली, वायरी पाहिल्या आणि हसले.

"ओहम जुळवला होता का बे?"

मी उत्तर दिलं, पण त्यांना ते ऐकू गेलं नाही. मामांना आता मोठ्यानं सांगावं लागतं.

त्यांच्या अडगळीच्या खोलीत जुना अॅम्प्लिफायर अजून आहे. त्याच्या पाठीवर 4, 8, 16 असे आकडे आणि पुढे 70 व्होल्ट, 100 व्होल्ट. एक कर्णा लावला तर वायर कुठे खोचायची आणि चार लावले तर कुठे, हे मामा न लिहिता ठरवायचे. ज्यॉर्ज ओहमनं 1827 साली मांडलेला नियम आमच्या गावात दर लगीनसराईत असा पाळला जात होता. मला त्यावर कॉलेजात मार्क मिळाले होते, मामांचा त्यावर संसार चालला.

या जुळवाजुळवीची गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियात विजेवर चालणारा कर्णा तयार केला आणि 1915 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत तो हजारो लोकांना ऐकवला. 1919 मध्ये अध्यक्ष विल्सन यांचं भाषण अशाच यंत्रणेतून लोकांनी ऐकलं. कर्ण्याचा गुण असा, की थोड्या वॉटमध्ये आवाज दूर जातो. दोष असा, की त्यात बास नसतो. 40 हर्ट्झची ध्वनिलहर साडेआठ मीटर लांब असते. तिला नीट बाहेर सोडायला कर्ण्याचं तोंड खोलीएवढं लागेल. म्हणून लग्नातल्या जुन्या कर्ण्यातून सनई दोन शेतं पलीकडे ऐकू यायची, पण ढोल मात्र डबा वाजवल्यासारखा वाटायचा.

1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्णा काढून टाकला आणि कागदी कोन थेट हवेत हलवला. आज तुमच्या गाडीत, टीव्हीत आहे तो स्पीकर मुळात हाच. त्याचा आवाज खालपर्यंत जायचा, पण त्याला ताकद जास्त लागायची. म्हणून त्यांनी स्पीकरबरोबर त्याला पेलणारा अॅम्प्लिफायरही दिला, साधारण एका वॉटचा. म्हणजे आजचा स्पीकर जन्मला तोच जोडीनं. माझी चूक ही, की मी दोघांना वेगवेगळ्या दुकानांतून आणलं आणि एकमेकांची ओळख करून दिली नाही.

पुढे 1947 साली ट्रान्झिस्टर आला आणि वॉट स्वस्त होत गेले. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी हवाबंद, छोट्या खोक्यातून खोल बास काढून दाखवला. किंमत एकच: खोकं लहान केलं की वॉट जास्त खातं. खोल बास, लहान खोकं आणि कमी वीज, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. कोणतं खोकं कोणत्या स्पीकरला, याचं गणित 1961 साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी मांडलं आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. सबवूफरच्या कागदावरचे ते न कळणारे आकडे या दोघांचे.

आता माझा गुन्हा. माझ्या सबवूफरला चार-चार ओहमच्या दोन कॉइल होत्या. त्या मी समांतर जोडल्या, झाले दोन ओहम. अॅम्प्लिफायर ज्या पद्धतीनं जोडला होता, त्यात त्याला किमान चार ओहम हवे होते. तो बिचारा जास्त करंट ओढत तापत गेला. वर मी 'गेन'चं बटण आवाजाचं समजून शेवटपर्यंत फिरवलं. गेन हे आवाज वाढवण्याचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती ताकदीचा आहे, हे अॅम्प्लिफायरला सांगण्यासाठी ते असतं. ते ताणलं की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात, कॉइलला उसंत मिळत नाही आणि ती जळते.

मामांनी दुसऱ्यांदा नीट करवून घेतलं. या वेळी दोन-दोन ओहमच्या कॉइल घेतल्या, एकापुढे एक जोडल्या, चार ओहम झाले. अॅम्प्लिफायर चार ओहमला 300 वॉट देणारा, सबवूफरही कायम 300 वॉट सोसणारा. डब्यावर लिहिलेले 'पीक' वॉट मामांनी वाचलेसुद्धा नाहीत. 300 गुणिले 4, त्याचं वर्गमूळ 34.6. वायर सोडवून, मल्टीमीटर लावून, टेस्ट टोनवर 34 व्होल्ट दिसेपर्यंतच गेन फिरवला. बॅटरीची वायर जाड घेतली आणि फ्यूज बॅटरीजवळ बसवला.

आवाज पहिल्यापेक्षा मोठा आणि स्वच्छ आला. मी म्हटलं, अजून मोठा अॅम्प्लिफायर लावू का? वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो, हे मला पाठ होतं. तरी विचारलं.

याच हव्यासातून टेम्पोवरच्या भिंती उभ्या राहिल्या. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आली, रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद झाले. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कडक निकाल दिला. पण हे डेसिबल 'ए' मापानं मोजतात. 1933 साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं होतं, की हळू आवाजात माणसाच्या कानाला बास कमी ऐकू येतो. 'ए' माप त्याच शोधावर बेतलेलं आहे, त्यामुळे 50 हर्ट्झच्या आवाजातून ते तब्बल 30 डेसिबल वजा करतं. म्हणजे खिडक्या थरथरतात, म्हाताऱ्याच्या छातीत धडधडतं आणि मीटर मात्र निवांत असतो.

गाडीत आणखी एक भानगड. टायर आणि रस्त्याची घरघर खालच्या सुरातच असते, ती बास गिळते, म्हणून आपण बटण फिरवत जातो. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, तो याच रस्त्यावर. रस्ता गुळगुळीत झाला तर बास आपोआप वाढतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मामांनी मोठ्या अॅम्प्लिफायरचं ऐकून डोकं हलवलं. "बास ऐकाले वॉट नाही लागत बाबू, कान लागते. मी चाळीस वर्षं कर्ण्याखाली उभा रायलो."

मग त्यांनी डिक्कीतल्या खोक्यावर तळहात ठेवला. मी एक भजन लावलं, खंजिरीचं. शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. बोटं मात्र ठेक्यावर हलत होती.

मी गेन आणखी थोडा कमी केला.