गलबतावरील सामान आणि एक कुऱ्हाड : अरण्यवासाच्या कुमारकादंबरीचा विकास

मनुष्यवस्तीपासून तुटलेले मूल केवळ स्वतःच्या बळावर जगते आणि त्या जगण्यातून प्रौढ होते, ह्या कथासूत्रावर इंग्रजी कुमारवाङ्मयात विपुल लेखन झालेले आहे. ह्या कादंबऱ्यांची गणना सामान्यतः साहसकथांत होते. तथापि साहस हे त्यांचे बाह्यांग होय. प्रौढ होणे म्हणजे नेमके काय होणे, हा त्यांचा खरा प्रश्न आहे आणि प्रत्येक काळाने त्याचे उत्तर वेगळे दिले आहे. ही उत्तरे पारखण्याची एक साधी कसोटी उपलब्ध आहे : निर्जनात टाकलेल्या नायकाच्या हाती लेखकाने कोणते सामान ठेवले आणि त्या सामानाने त्याला काय करू दिले, हे पाहणे.

ह्या परंपरेचे मूळ डॅनिएल डीफोच्या १७१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'रॉबिन्सन क्रूसो'त आहे. अलेक्झांडर सेलकर्क हा स्कॉटिश खलाशी १७०४ ते १७०९ ह्या काळात हुआन फेर्नांदेस द्वीपसमूहातील एका बेटावर एकटा राहिला होता. त्याची हकीकत डीफोच्या काळी सर्वश्रुत होती. क्रूसो मात्र बेटावर अठ्ठावीस वर्षे काढतो आणि तो रिकाम्या हातांचा नाही. फुटलेल्या गलबतावरून तो सुताराची हत्यारे, बंदुका, दारूगोळा, कागद, शाई आणि बायबल किनाऱ्यावर आणतो. तो कुंपण घालतो, धान्य पेरतो, दिवस मोजतो, आपल्या सुखदुःखांचा जमाखर्च मांडतो आणि अखेर स्वतःला बेटाचा राजा समजू लागतो. फ्रायडे भेटल्यावर त्याला स्वतःची ओळख तो 'धनी' ह्या शब्दाने करून देतो. येथे जगणे म्हणजे ताबा मिळविणे होय.

डीफोचे पुस्तक मुलांसाठी लिहिलेले नव्हते. ते मुलांच्या हाती देण्याचा विचार रूसोने १७६२ च्या 'एमील'मध्ये मांडला. एमीलने प्रथम वाचावयाचे आणि दीर्घकाळ एकमेव ठरावयाचे पुस्तक हेच, असे त्याचे मत होते. मात्र गलबत फुटण्यापूर्वीचा आणि सुटकेनंतरचा सर्व भाग त्याला नको होता. ह्या काटछाटीमुळे व्यापारी साहसाची कथा शिक्षणाची कथा झाली. जर्मन शिक्षणतज्ज्ञ योआखिम हाइनरिख कांपे ह्याने १७७९-८० मध्ये ह्या सूत्राचा आणखी विस्तार केला. त्याच्या बाल-रॉबिन्सनपाशी आरंभी एकही हत्यार नाही. दोन हात आणि बुद्धी एवढेच त्याचे भांडवल. मनुष्य एकटा असताना किती थोडे करू शकतो आणि समाजाचे ऋण किती मोठे आहे, हे श्रोत्या मुलांच्या मनावर बिंबविणे हा कांपेचा हेतू होता.

१८१२ मध्ये प्रसिद्ध झालेली योहान डेव्हिड व्हिस ह्या बर्नच्या धर्मोपदेशकाची 'स्विस फॅमिली रॉबिन्सन' नेमकी उलट दिशेने जाते. येथे गलबत सामानाने आणि गुराढोरांनी भरलेले आहे, चार मुलांसह आईबाप आहेत आणि प्रत्येक अडचणीवर पित्याजवळ उपाय तयार आहे. ह्या बेटावरील प्राण्यांचा भौगोलिक गोंधळ पाहून कॅप्टन फ्रेडरिक मॅरियट ह्या नौदलातील अधिकाऱ्याने 'मास्टरमन रेडी' (१८४१-४२) लिहिली. पुढे रॉबर्ट मायकेल बॅलन्टाइनच्या 'द कोरल आयलंड'मध्ये (१८५७) वडीलधारे माणूसच उरले नाही. राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन मुले दक्षिण समुद्रातील बेटावर आनंदाने नांदतात. वाईट असते ते बाहेरून येते. इंग्रज मुलाचे चारित्र्य मात्र आरंभापासूनच सिद्ध असते. अशा नायकाचा विकास होण्यास वावच कोठे उरतो? निसर्गाची त्याला परीक्षा द्यावी लागते, शिष्यत्व पत्करावे लागत नाही.

ह्या आत्मविश्वासाला सर्वांत कठोर उत्तर विल्यम गोल्डिंगने १९५४ च्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मध्ये दिले. शाळेत शिक्षक असलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढलेल्या ह्या लेखकाने बॅलन्टाइनच्याच मुलांची राल्फ आणि जॅक ही नावे उचलली आणि त्यांच्या टोळीला हत्येपर्यंत नेऊन पोहोचविले. बाहेर शोधलेले रानटीपण आत सापडले.

त्याच दशकात अमेरिकेत ह्या वाङ्मयप्रकाराने निराळे वळण घेतले. जीन क्रेगहेड जॉर्ज हिच्या 'माय साइड ऑफ द माउंटन'मध्ये (१९५९) सॅम ग्रिबली हा मुलगा अपघाताने नव्हे, स्वेच्छेने न्यूयॉर्क सोडून कॅट्स्किल पर्वतात जातो. त्याच्यापाशी चाकू, दोरीचा गुंडा, कुऱ्हाड, चकमक आणि चाळीस डॉलर आहेत. लेखिका निसर्ग-अभ्यासकांच्या घराण्यातील होती, त्यामुळे येथील वनस्पती आणि पशुपक्षी हे देखाव्यापुरते येत नाहीत. त्यांचे ज्ञान हेच सॅमचे खरे सामान ठरते.

स्कॉट ओडेलच्या 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स'मध्ये (१९६०) हा बदल नैतिक पातळीवर पोहोचतो. एकट्या राहिलेल्या करानाच्या जमातीत स्त्रियांनी शस्त्रे बनविणे निषिद्ध असते. जगण्यासाठी ती हा निर्बंध मोडते. भावाला मारणाऱ्या रानकुत्र्यांचा सूड घेण्याचा तिचा निश्चय असतो; पण त्यांच्या म्होरक्याला जखमी केल्यावर ती त्याचीच शुश्रूषा करते. शेवटी पशुपक्ष्यांना न मारण्याचा निर्णय घेते. क्रूसोची प्रगती शस्त्राकडून सत्तेकडे होते. करानाची शस्त्राकडून संयमाकडे.

गॅरी पॉलसेनच्या 'हॅचेट'मध्ये (१९८६) ही कसोटी सर्वांत स्पष्टपणे लागू पडते. विमान कोसळून कॅनडाच्या अरण्यात अडकलेल्या तेरा वर्षांच्या ब्रायनपाशी आईने दिलेली एक लहान कुऱ्हाड असते. आईबापांच्या घटस्फोटाचे दुःख घेऊन आलेल्या ह्या मुलाचा पहिला धडा असा की, स्वतःची कीव करून काहीही साधत नाही. दगडावर आपटलेल्या कुऱ्हाडीच्या ठिणगीतून अग्नी सापडावा, ह्यासाठी त्याला अनेकदा हरावे लागते. अखेरीस बुडालेल्या विमानातून त्याला सामानाची पिशवी मिळते आणि तीत बंदूक निघते. ती हाती येताच आपण सभोवतालच्या सृष्टीपासून दूर लोटले गेलो, ही भावना त्याला अस्वस्थ करते. जे सामान क्रूसोला तारणारे वाटले, तेच ब्रायनला परके वाटते. दोनशे सदुसष्ट वर्षांचे अंतर ह्या एका प्रतिक्रियेत सामावले आहे.

व्हान गेनेपने १९०९ मध्ये संक्रमणविधींच्या विलगीकरण, सीमावस्था आणि पुनःप्रवेश अशा तीन पायऱ्या सांगितल्या. कुमारकादंबरीतील अरण्य ही अशी सीमावस्था होय. पण पुनःप्रवेश कोणत्या समाजात? जॉर्जच्या 'जूली ऑफ द वुल्व्ह्ज'मधील (१९७२) मियाक्स अलास्कात लांडग्यांच्या सहवासात जगते. परंतु तिचा आधार असलेला लांडगा विमानातून झाडलेल्या गोळीने मरतो आणि ज्या पित्याकडे ती परतते तोही नव्या जगाचा झालेला असतो. येथे समावर्तन हाच शोक आहे. ह्या कादंबरीतील, तसेच ओडेलच्या कादंबरीतील आदिवासी जीवनाच्या चित्रणावर मूलनिवासी अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत.

ते आक्षेप ह्या परंपरेच्या पायालाच भिडतात. कराना ज्या स्त्रीवरून रचली, ती कॅलिफोर्नियाच्या सान निकोलस बेटावर सुमारे अठरा वर्षे एकटी होती. बेट रिकामे झाले होते, कारण १८१४ मध्ये समुद्री ऊद मारणाऱ्या शिकाऱ्यांनी तेथे कत्तल केली आणि १८३५ मध्ये उरलेल्यांना मुख्य भूमीवर हलविण्यात आले. १८५३ मध्ये तिला सांता बार्बरा येथे आणले गेले आणि सुमारे सात आठवड्यांत ती मरण पावली. हुआना मारिया हे नावही तिला इतरांनी दिलेले. कादंबरीत बेट सोडणे ही सुटका आहे. इतिहासात तो मृत्यूचा प्रवास ठरला.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, ज्याला ह्या कथा निर्जन म्हणतात ते पुष्कळदा निर्जन केलेले असते. नायकाच्या हातातील सामान उत्तरोत्तर कमी होत गेले आणि त्या प्रमाणात त्याचे शिकणे वाढले, हा ह्या वाङ्मयप्रकाराचा खरा विकास होय. तो पूर्णत्वास जावयाचा तर, आपण ज्या भूमीवर एकटे जगलो तेथे पूर्वी कोण नांदत होते, हा प्रश्नही नायकाच्या प्रौढत्वाचा भाग व्हावा लागेल.