बोअरच्या गाडीची नोंदणी : एका कायद्याची वाटचाल

१/
‘जमीन ज्याची, तिच्या पोटातले पाणीही त्याचेच.’ भूजलाविषयीचा भारतातील कायदा दीर्घकाळ या एकाच कल्पनेवर उभा होता. इंग्लंडमध्ये १८४३ साली ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या खटल्यात हे तत्त्व मान्य झाले. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने ते येथे आणले आणि १८९१ साली तो कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला.

२/
त्या काळी याचे फारसे बिघडत नव्हते. दख्खनच्या काळ्या पाषाणात विहीर खणायची म्हणजे पहार, सुरुंग आणि महिनोन्‌महिने मजुरी. मोटेने उपसा होई तो बैलांच्या बळाइतकाच. शेजाऱ्याची विहीर आटावी एवढी शक्ती मुळात कोणाच्या हाती नव्हती.

३/
ती शक्ती यंत्राने दिली. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा थेट छिद्राच्या तळाशी खडक फोडू लागला. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे भारतात आणली. महिन्यांचे काम आता तासांवर आले. हेतू तहान भागवण्याचा होता. परंतु तेच यंत्र पुढे खाजगी शेतांत पोहोचले. तमिळनाडूतील तिरुचेंगोडे हे या गाड्यांचे मोठे केंद्र बनले.

४/
परिणाम उघड होता. एका शेतातील खोल बोअर गावाच्या पिण्याच्या विहिरीचे पाणी ओढू लागली. म्हणून महाराष्ट्राने १९९३ साली कायदा केला : सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीवाचून विहीर घेता येणार नाही.

५/
प्रश्न केवळ पाण्याचाही राहिला नाही. जुलै २००६ मध्ये हरियाणात एक लहान मुलगा सुमारे ६० फूट खोल उघड्या छिद्रात पडला. सुमारे दोन दिवसांनी तो जिवंत बाहेर आला. असे भाग्य सर्वच मुलांच्या वाट्याला आले नाही.

६/
११ फेब्रुवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. बोअर घेण्यापूर्वी १५ दिवस लेखी सूचना द्यावी, खोदाई करणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी व्हावी, जागेवर मालकाचा व खोदणाऱ्याचा पत्ता असलेला फलक लावावा, निकामी छिद्र तळापासून जमिनीपर्यंत बुजवावे.

७/
महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून अंमलात आला. त्याने खोदाई यंत्राच्या मालकास नोंदणी सक्तीची केली आणि शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई केली.

८/
या वाटचालीतील खरा बदल येथे आहे. पूर्वी कायद्याची नजर फक्त जमीनमालकावर होती. आता ती खोदणाऱ्या हातावरही गेली. मालक एका शेतात एक बोअर घेतो, गाडी मात्र गावोगाव फिरते. नोंदणीमुळे त्या गाडीला निदान नाव आणि पत्ता मिळतो.

९/
तरीही नोंदवहीने पाणी वाढत नाही आणि उघडे छिद्र आपोआप झाकले जात नाही. रात्रीत बोअर पाडून गाडी निघून गेली, तर कागदावरचा कायदा तिथेच थांबतो. पुढची राखण गावालाच करावी लागते.